वर्गातला पालक

समीक्षा ही सामान्यतः ग्रंथाची होते, नाटकाची होते, क्वचित एखाद्या मैफलीचीही होते. दीड-दोन वर्षांच्या दुडदुडणाऱ्या मुलांच्या संगीतवर्गाची समीक्षा मात्र आमच्या वाचनात आलेली नाही. तथापि ज्या गोष्टीला निश्चित घाट आहे, आरंभ-मध्य-अंत आहे, जिच्यामागे काही सिद्धांत आहे आणि जिच्याकडून पुढील पिढीच्या कानावर व गळ्यावर काही संस्कार व्हावा अशी अपेक्षा आहे, ती गोष्ट समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. विशेषतः महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना या विषयाचा जवळून विचार करणे भाग आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

आम्ही संगीताचे जाणकार नव्हे. सारी हयात महसूल खात्यात गेली. कानावर पडले तेवढेच आमचे गाणे. परंतु वडोदऱ्याहून न्यू जर्सीस मुलीकडे गेलो असता एका हिवाळ्यात सलग दहा आठवडे नातीबरोबर अशा एका वर्गास बसण्याचा योग आला. वर्ग सकाळचा, मुलगी व जावई दोघेही नोकरीत. त्यामुळे पालकाची जागा आमच्याकडे आली. प्रत्येक मुलासोबत एक मोठे माणूस असलेच पाहिजे आणि त्याने गायिलेच पाहिजे, असा त्या वर्गाचा नियम होता. प्रस्तुत लेखाचा विषय म्हणजे हा नियम होय.

प्रथम वर्गाचे स्वरूप सांगणे इष्ट होईल. पाऊण तासाचा कार्यक्रम. खोलीत खुर्च्या नाहीत. जमिनीवर गोल करून बसावयाचे. आरंभी स्वागताचे गाणे, त्यात प्रत्येक मुलाचे नाव गुंफलेले. मग मांडीवर घेऊन झुलवण्याचे गाणे, उभे राहून फेर धरण्याचे गाणे, अंड्याच्या आकाराचे खुळखुळे वाजवण्याचे गाणे, रंगीत रुमाल उडवण्याचे गाणे, मधली पेटी उघडून सर्वांनी हाती येईल ते वाद्य बडवण्याचा एक खेळ, त्यानंतर दिवे मंद करून एक अंगाई आणि शेवटी निरोपाचे गाणे. शिक्षिकेने पहिल्याच दिवशी मोठ्यांना सूचना दिल्या. फोन बाहेर ठेवावेत. मुलाचा हात धरून टाळी वाजवून घेऊ नये. मूल कोपऱ्यात गेले तर हाका मारू नयेत. आपण स्वतः गावे, आपण स्वतः ताल धरावा. सूर चुकला तरी चालेल, गप्प बसलेले चालणार नाही.

या सूचनांमागे विचाराची एक परंपरा आहे. जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनइची सुझुकी (१८९८-१९९८) यांनी असे प्रतिपादन केले की, मूल ज्या रीतीने मातृभाषा शिकते त्याच रीतीने संगीत शिकू शकते: सतत ऐकून, जवळच्या माणसाचे पाहून, पुनःपुन्हा करून. त्यांच्या पद्धतीत पालकाने वर्गात हजर राहावयाचे असते, एवढेच नव्हे तर प्रथम स्वतः वाद्य हाती घेऊन प्राथमिक धडा गिरवावयाचा असतो. सुझुकींचे विद्यार्थी या दुडदुडणाऱ्या मंडळींहून थोडे मोठे असतात. त्याहून लहानांचा पद्धतशीर विचार अमेरिकेत एडविन गॉर्डन (१९२७-२०१५) यांनी केला. संगीताची उपजत क्षमता सुमारे नऊ वर्षांच्या वयापर्यंत परिस्थितीनुसार वाढते वा खुरटते, असे त्यांचे म्हणणे. मूल आधी नुसते शोषून घेते, मग अनुकरण करू लागते आणि पुढे त्या दोहोंचा मेळ घालते, अशा पायऱ्या त्यांनी मांडल्या. गॉर्डन यांच्याकडे टेंपल विद्यापीठात शिकलेल्या लिली लेविनोविट्झ आणि प्रिन्स्टनचे केनेथ गिलमार्टिन यांनी १९८७ मध्ये ‘म्युझिक टुगेदर’ हा अभ्यासक्रम उभा केला. वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र, सोबत त्यांची मोठी माणसे, आणि घरी गाण्यासाठी पुस्तिका व ध्वनिमुद्रण, हा त्याचा ढाचा. आज या धर्तीचे वर्ग अनेक ठिकाणी चालतात. आम्ही पाहिलेला वर्ग त्यांपैकीच एक.

या पायऱ्यांचा प्रत्यय आम्हांला आला. पहिले चार आठवडे नात खिडकीजवळ उभी राहून सगळ्यांकडे पाहत असे. एक अवाक्षर नाही. हजेरीपटावर शेरा लिहावयाचा असता तर ‘प्रगती नाही’ असा लिहावा लागला असता. परंतु घरी जेवणाच्या उंच खुर्चीत बसली की चमचा आपटून ती त्याच फेराच्या गाण्याचा ठेका धरी. गाणे संपल्यावर शिक्षिका काही क्षण मुद्दाम शांत राहत असे, तेही या विचाराला धरूनच. त्या शांततेत मुले पुष्कळदा एखादा स्वर काढतात आणि तो बहुधा गाण्याचा आधारस्वर किंवा त्याचा पाचवा स्वर असतो, असे गॉर्डन यांचे निरीक्षण आहे. आपल्याकडे तानपुऱ्याच्या तारा बहुधा याच दोन स्वरांत, षड्ज-पंचमात लावतात, हे येथे आठवावे.

आता आपल्याकडे वळू. ‘दोन वर्षांच्या मुलाला संगीताचा क्लास कशाला?’ असे म्हणून हसणे सोपे आहे. पण संगीताला वर्गात बसवण्याचे काम आपल्याच लोकांनी मोठ्या हिरिरीने केले, हे हसण्यापूर्वी ध्यानात घेतले पाहिजे. आमच्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या आजच्या संगीत-नृत्य-नाट्य विभागाचे मूळ त्या शाळेत आहे. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये वडोदऱ्यास भरली आणि ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय १९१८ मध्ये सुरू झाले. गुरुगृहीच्या मोजक्या शिष्यांपुरती असलेली विद्या सामान्य घरांतील मुलामुलींपर्यंत पोचली ती या वर्गांमुळे. हे ऋण थोर आहे.

परंतु या व्यवस्थेत पालक कोठे होता? तो बाहेर होता. मुलीला पेटीच्या क्लासला सोडावे, बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचीत बसावे, तास संपला की घेऊन यावे, परीक्षेचा अर्ज भरावा, प्रमाणपत्र आले की चौकट करून भिंतीस लावावे, येथवर पालकाचे कर्तव्य. आमच्या पिढीतील बहुतेकांनी ते चोख बजावले. घरात गाणे यावे म्हणून आपण गाणे शिकणारे मूल घरात आणले. आपण स्वतः गावे असे मात्र फारसे कोणाच्या मनात आले नाही. नव्या वर्गाने बाकावरचा पालक उचलून गालिच्यावर बसवला, हे त्याचे पहिले आणि आमच्या मते सर्वांत मोठे वैशिष्ट्य.

गालिच्यावर बसलेल्या या पालकाची अवस्था मात्र पाहण्यासारखी असते. आमच्या वर्गात निरनिराळ्या देशांतून आलेली माणसे होती. त्यांतले आपल्याकडचे तरुण बाप ओळखू येत, कारण ते ओठ हलवीत आणि आवाज काढीत नसत. विचारले तर एकच उत्तर: “मला गाता येत नाही हो काका.” यांपैकी कित्येकांना अभंगवाणी पाठ, नाट्यपदांतील जागा न् जागा ठाऊक; कोणते पद कोणी अधिक चांगले गायिले यावर तासभर वाद घालतील. पण स्वतःच्या मुलासमोर चार स्वरांचे गाणे म्हणताना त्यांचा घसा कोरडा पडतो. हा केवळ संकोच नव्हे. आपल्या सांस्कृतिक घडणीतील एक मोठा दोष त्यातून दिसतो, असे आमचे नम्र मत आहे.

तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे, हे वचन आपण भूषण म्हणून मिरवतो. गेल्या शतकात मराठी सुशिक्षित घर हे श्रवणाचे घर बनले. प्रथम नाट्यसंगीत, मग तबकड्या, मग भावगीत, मग आकाशवाणी. पुणे केंद्रावरून १९५५-५६ या वर्षभरात ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते प्रसृत झाली, तेव्हा माणसे रेडिओभोवती कशी भक्तिभावाने बसत, हे आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. या श्रवणाने आपली अभिरुची उंचावली यात शंका नाही. पण अभिरुची उंचावली तसा घरातला आवाज खाली गेला. ज्याने उत्तमोत्तम ऐकले त्याला स्वतःचा साधा आवाज लाजिरवाणा वाटू लागला. आजीची ओवी ‘गाणे’ या सदरातून बाद झाली. मुलांना झोपवण्यासाठी आधी ध्वनिफीत आली, आता फोन आला. यंत्रांना दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु यंत्र आले तेव्हा घर आधीच मुके होऊ लागले होते. रसिकतेचा हा जमाखर्च आपण कधी मांडलाच नाही.

या पार्श्वभूमीवर ‘गप्प बसलेले चालणार नाही’ हा नियम आम्हांला मोलाचा वाटतो. वर्ग मुलाच्या नावाने भरतो. शिकवला जातो तो पालक. दहा आठवड्यांत मूल काय शिकले हे मोजता येत नाही, पण मोठे माणूस दुसऱ्यांदेखत गाऊ लागले की नाही, हे स्पष्ट दिसते. सातव्या-आठव्या आठवड्यात त्या गप्प बापांपैकी दोघांचा आवाज ऐकू येऊ लागला, तेव्हा त्यांच्या मुलांनी माना वळवून ज्या नजरेने त्यांच्याकडे पाहिले, ती नजर कोणत्याही ध्वनिमुद्रणाच्या वाट्याला येणार नाही.

एवढे श्रेय दिल्यावर उणिवांकडे वळणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. त्या तीन आहेत.

पहिली उणीव शब्दांविषयीची. गॉर्डन यांचा भर शब्दांविना गायिलेल्या गाण्यांवर आहे. शब्द आले की मूल शब्दांकडे वळते आणि स्वर-लयीकडे त्याचे दुर्लक्ष होते, असा त्यांचा युक्तिवाद. संगीतशिक्षणापुरता तो ग्राह्य मानता येईल. परंतु ज्या घरात मातृभाषा चार भिंतींच्या आतच जगते, त्या घराला शब्द सोडून देणे परवडत नाही. हंगेरीच्या कोदाय (१८८२-१९६७) यांची भूमिका येथे अधिक जवळची वाटते. खेड्यापाड्यांतून लोकगीते गोळा करीत हिंडलेल्या या संगीतकाराने मुलांच्या शिक्षणाचा पाया आपल्या भाषेतील लोकगीतांवर घातला. संगीताचीही एक मातृभाषा असते, असे त्यांनी मानले. न्यू जर्सीच्या वर्गात अनेक देशांची गाणी होती आणि सर्वांविषयी आदर होता. पण सर्वांची गाणी म्हणणारा वर्ग कोणा एकाच्या घरचे गाणे देऊ शकत नाही. ते घरानेच द्यावयाचे असते.

दुसरी उणीव प्रसंगाविषयीची. वर्गात अंगाई सकाळी साडेदहा वाजता गायिली जाते आणि ती संपताच मुले टुणकन उठून आपापले बूट शोधू लागतात. आपली पारंपरिक गाणी कामाला आणि वेळेला बांधलेली होती. पाळण्याच्या दोरीबरोबर अंगाई, जात्याच्या खुंट्याबरोबर ओवी, न्हाऊ घालताना एक, घास भरवताना चांदोबाला लिंबोणीच्या झाडामागे लपवणारे दुसरे, आभाळ भरून आले की पावसाला पैशाचे आमिष दाखवणारे तिसरे. सानेगुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या संग्रहित केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांतून लाखावर ओव्या जमविल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ऐकावयास ठेवल्या जात आहेत. हा ठेवा वाचला याचा आनंद आहे. पण जाते थांबले तेव्हाच ती ओवी घरातून उठून संग्रहात गेली, हेही खरे. वर्गातल्या गाण्याला असा कामाचा आधार नाही. घरी गेल्यावर अंघोळीला, जेवणाला, निजेला पालकाने ते जोडले तरच ते टिकते. एरवी पाऊण तासाचे कौतुक संपते आणि मोटारीत बसल्यावर ध्वनिमुद्रण सुरू होते. घरी गाण्यास मदत व्हावी म्हणून दिलेले ध्वनिमुद्रण पालकाऐवजी गाऊ लागले की साऱ्या खटाटोपाचा हेतूच नष्ट होतो.

तिसरी उणीव शुल्काची. आजीने फुकट दिलेली गोष्ट आता फी भरून मिळते आणि ज्यांना फी परवडते त्यांनाच मिळते. यावर अधिक भाष्याची गरज नाही.

आता प्रश्न असा की, मराठी पालकाने गावयाचे ठरवले तर गावे काय? येथे आपल्या बालगीतांची थोडी झडती घेणे आवश्यक आहे. मांडीवरच्या गाण्याला आम्ही तीन कसोट्या लावतो. ते अशिक्षित गळ्यास चार-पाच स्वरांत पेलले पाहिजे. त्यात मुलाच्या अंगाला काही काम असले पाहिजे, म्हणजे झुलणे, टाळी, बोटे मोडणे, उडी. आणि त्यात मुलाचे नाव, घरातले माणूस, दारचे कुत्रे घालून बदल करता आला पाहिजे. आपली परंपरागत बडबडगीते या तिन्ही कसोट्यांस उतरतात. त्यांचा कर्ता अज्ञात असल्यामुळे बदल करताना कोणाचा अपमान होत नाही. १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातील ‘नाच रे मोरा’ घ्या. माडगूळकरांचे शब्द, पु. ल. देशपांड्यांची चाल आणि आशा भोसले यांचा आवाज, असा त्रिवेणी योग असलेले हे गीत पिढ्यान्‌पिढ्या मुले नाचत आली. दुसऱ्या कसोटीस ते पूर्ण उतरते. पण घरोघर ते ऐकले जाते आशाबाईंच्या आवाजात. आई त्यात क्वचितच आपला आवाज मिसळते, आणि शब्द बदलण्याची तर कोणाची छाती होत नाही. विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगांवकर यांच्या बालकविता लयीने इतक्या भरलेल्या आहेत की त्यांना गळा लागतच नाही, जीभ पुरते. ‘गाता येत नाही’ म्हणणाऱ्या बापाने तेथून आरंभ करावा, अशी आमची शिफारस आहे. तात्पर्य, उत्तम बालगीत आणि मांडीवरचे उत्तम गाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि पुरस्कार देताना आपण आजवर पहिलीचाच विचार केला.

आरंभी ज्या कारणाचा उल्लेख केला त्याकडे आता येतो. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, वडोदरा येथे मराठी कशी टिकली याचा इतिहास आपण संस्थांच्या रूपाने लिहितो: ग्रंथालये, मंडळे, संमेलने, व्याख्यानमाला. त्या संस्थांविषयी आम्हांला नितांत आदर आहे. पण आमच्यापैकी कित्येकांचे शिक्षण गुजरातीत, हिंदीत, कानडीत वा इंग्रजीत झाले आणि तरीही मराठी आमची राहिली, ती पाच वर्षांच्या आत कानात गेलेल्या आवाजांमुळे. ग्रंथालयाची पायरी आम्ही पुष्कळ नंतर चढलो. न्यू जर्सीत सौ. नातीला निजवताना जी अंगाई म्हणत असे, ती तिला तिच्या आजीकडून मिळालेली. कोणत्याही पुस्तकात नाही. नात दिवसभर आम्हांला इंग्रजीत उत्तरे देई. अंधारात गाणे संपले की मात्र ती “अजून” म्हणे. हा शब्द तिला कोणी शिकवला नव्हता. गाण्याबरोबर तो आला. आम्ही परत आलो, त्यानंतर ती अंगाई तिला कोण म्हणणार, हा प्रश्न तेथे कोणी मोठ्याने विचारला नाही. मुलीने मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यात आईकडून ती दोन रात्री बसून घोटून घेतली. फोनवर मुद्रित करून ठेवण्याचा सोपा मार्ग तिच्यापुढे होता. त्या वर्गाने तिला घरबसल्या काही शिकवले असेल तर ते हेच, असे आम्ही मानतो.

म्हणून आपल्या मंडळांपुढे एक सूचना ठेवतो. गणेशोत्सवात आपण बालगीतांच्या स्पर्धा घेतो. मंच असतो, ध्वनिक्षेपक असतो, परीक्षक असतात. चार वर्षांचे मूल घाबरून उभे राहते आणि खाली आईबाप फोन उंचावून चित्रण करीत असतात. गाणारा एक, ऐकणारे शंभर, ही कानसेनांची जुनीच मांडणी आपण मुलांच्याही अंगवळणी पाडीत आहोत. त्याऐवजी महिन्यातून एकदा अर्धा तास सतरंजी अंथरावी. ध्वनिक्षेपक नको, परीक्षक नकोत, बक्षीस नको, शुल्क तर नकोच. दोन-तीन आज्या, जमतील तेवढी मुले, आणि प्रत्येक मुलामागे गाणारे एक मोठे माणूस. बापांना विशेष निमंत्रण. जी गाणी म्हटली जातील ती त्याच दिवशी घरी कोणत्या कामाला जोडावयाची, तेवढे ठरवून उठावे.

अशा उपक्रमाचा अहवाल वार्षिक सभेपुढे ठेवण्याजोगा होणार नाही. त्यात छायाचित्र नसेल, मानकरी नसतील, आकडे नसतील. त्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी एखाद्या घरात, मुलाला घास भरवताना होईल. तेथे मोठे माणूस बेसूर का होईना गात असेल, तर उपक्रम यशस्वी झाला असे समजण्यास आमची हरकत नाही.